डब्लिनचं नॅशनल म्युझियम: ब्रोचची मागची बाजू बघितल्याशिवाय बाहेर पडू नका

डब्लिनला राहायला येऊन मला चार वर्षं झाली आणि एवढ्या काळात किल्डेअर स्ट्रीटच्या नॅशनल म्युझियममध्ये मी एकदाच गेले होते, तेही बाहेर पाऊस लागला म्हणून. आता आई दोन महिन्यांसाठी आलीये, तिच्यासोबत नीट वेळ काढून गेले, एकदा नाही तीनदा, आणि एक अख्खी दुपार नदीपलीकडच्या कॉलिन्स बॅरॅक्सच्या शाखेत घालवली. त्यामुळे रिव्ह्यू लांबणारे. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवा: दोन्ही ठिकाणी तिकीट नाही, पूर्ण फुकट, रविवारी आणि सोमवारी मात्र दुपारी १ ला उघडतं, आणि प्रत्येक शाखेला किमान तीन तास द्या.

जायचं कारण झालं एक नाणं. आईने दूध आणलं, सुटे पैसे टेबलावर ओतले आणि म्हणाली, "अगं, ही वीणा का आहे सगळ्यांवर?" मी बघितलं तर खरंच, इथल्या प्रत्येक युरो नाण्यावर हार्प. मग तीच माझ्या इमिग्रेशनच्या पत्रावर, तीच इथल्या लोकांच्या पासपोर्टवर, आणि खालच्या पबच्या पाटीवरपण. चार वर्षं रोज बघतेय आणि कधी विचारलं नाही की का.

तर आधी हार्पचंच सांगते. सरकारी चिन्हाला नमुना म्हणून जी हार्प घेतलीये ती म्युझियमची नाही, ट्रिनिटी कॉलेजची आहे, तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. तिला ब्रायन बोरूची हार्प म्हणतात. ब्रायन बोरू म्हणजे आयर्लंडचा सगळ्यात गाजलेला राजा, १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत गेला. आणि हार्प आहे १४व्या-१५व्या शतकातली, म्हणजे राजा जाऊन तीनेकशे वर्षं उलटल्यावरची. त्याने तिला हात लावणं शक्यच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. १५३४ च्या सुमारास आठव्या हेन्रीने आयर्लंडसाठीच्या नाण्यांवर हार्प आणली, वर इंग्लंडचा मुकुट ठेवून. पुढे १७९१ मध्ये युनायटेड आयरिशमन ही ब्रिटिश राज्याविरुद्धची संघटना उभी राहिली, त्यांनी तीच हार्प उचलली, मुकुट काढून टाकला, त्याजागी स्वातंत्र्याची टोपी बसवली आणि खाली लिहिलं की हिला नव्या तारा लावल्यात आणि आता ही ऐकू येणारच. मला हे वाचून काटा आला खरंच. चिन्ह तेच, फक्त डोक्यावरचं बदललं आणि सगळा अर्थ फिरला. मग १९२२ मध्ये ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या नव्या देशाने हार्प घेतली तर अडचण अशी की गिनेस या बिअर कंपनीने १८७६ मध्येच हार्पचा ट्रेडमार्क घेऊन ठेवलेला, म्हणून देशाची हार्प उलट्या तोंडाची. खिशातलं नाणं गिनेसच्या ग्लासशेजारी धरून बघा, एकमेकींकडे तोंड करून उभ्या दिसतील किंवा पाठ करून, तुम्ही कसं धरता त्यावर.

आता म्युझियम. इमारत १८९० ची, शेजारीच लेन्स्टर हाऊस, जिथे संसद भरते. आत शिरलं की मोठा गोल घुमट आणि पायाखाली मोझेकची फरशी, तिच्यात बारा राशी. आईने आधी स्वतःची रास शोधली, मग माझी, मग कुठे पुढे सरकलो. मधल्या हॉलमध्ये सोनं आहे, ४००० वर्षांपूर्वीच्या सोन्याच्या पातळ पत्र्याच्या चंद्रकोरी, गळ्यात घालायच्या, आयर्लंडमध्ये ८० च्या वर सापडल्यात. त्यावर मी जास्त लिहीत नाही, कारण ते बघूनच कळतं आणि सगळे तिथे थांबतातच. माझा जीव अडकला तो पुढच्या ट्रेझरीमध्ये.

तारा ब्रोच. फोटोत बघून मला वाटायचं ताटाएवढा असेल, तर तो तळहातात मावेल एवढा, रुंदीला नऊ सेंटीमीटरच्या आत, पिन तेवढी फूटभर लांब. साधारण इसवी सन ७०० चा. चांदीवर सोन्याचा मुलामा, त्यावर केसासारख्या सोन्याच्या तारेची जाळी, अंबर, काचेचे खडे, आणि साखळी जिथे जोडलीये तिथे काचेचे दोन माणसांचे चेहरे, तांदळाच्या दाण्याएवढे म्हणा. आई जन्मभर भरतकाम करत आलीये, कोणाचंही काम हातात घेतलं की पहिलं ते पालथं करणार, कारण तिच्या मते बाईचा हात कळतो तो मागच्या टाक्यात. तर ती काचेपाशी दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "पुढचं झालं, मागचं दाखव." मी म्हटलं आई, हे ब्रोच आहे, मागची बाजू कपड्याला लागते, तिथे कोण कशाला काम करेल. आणि वाकून बघितलं तर मागे पुढच्याइतकंच काम! वेगळंच नक्षीकाम, गोल गोल फिरत जाणारी वळणं, एकातून दुसरं निघणारी, पुढच्यापेक्षा जास्त जुन्या वळणाची. जे अंगाला टेकणार, घातल्यावर कोणाला दिसणार नाही, त्यावर कोणीतरी तेवढेच दिवस घालवले. आई बोलली काहीच नाही, पर्समधून चष्मा काढला आणि परत वाकली.

आणि नावाची गंमत इथेही तीच. ताराची टेकडी म्हणजे जुन्या राजांची राजधानी समजतात, आयरिश मनात तिचं स्थान फार मोठं. पण ब्रोच तिथला नाहीच! तो १८५० मध्ये काउंटी मीथमध्ये बेटीस्टाउनच्या समुद्रकिनाऱ्याजवळ सापडला, फिरत फिरत जॉर्ज वॉटरहाऊस नावाच्या डब्लिनच्या जवाहिऱ्याकडे आला, आणि त्याने त्याला तारा हे नाव दिलं कारण तो आधीच जुन्या आयरिश ब्रोचच्या नकला करून विकत होता आणि राजांचं नाव लागलं की माल उठतो. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडला. नकला धडाधड विकल्या गेल्या. पण पुढची पन्नास वर्षं बघा, आयरिश भाषा, आयरिश खेळ, आयरिश नाटक सगळं परत उभं करायची चळवळ आली तेव्हा बायका असेच ब्रोच शालीला लावून सभांना जायला लागल्या. जवाहिऱ्याने धंद्यासाठी दिलेलं नाव लोकांनी मनापासून घेतलं. नाव खोटं म्हणून ब्रोच खोटा होत नाही, आणि ज्यांनी तो अभिमानाने लावला त्यांचा अभिमानही खोटा नाही, असं मला अगदी आतून वाटतं. १८६८ मध्ये रॉयल आयरिश अकादमीने तो २०० पौंडांना घेतला, देशाबाहेर जाऊ द्यायचा नाही या अटीवर.

त्याच १८६८ सालात काउंटी लिमरिकमध्ये आर्डा गावी एका जुन्या मातीच्या गढीत बटाटे खणताना पोरांना चांदीचा एक पेला सापडला, तो आर्डा चॅलिस. ८व्या शतकातला, दोन कानांचा, ३०० च्या वर तुकडे जोडून केलेला. कडेच्या पट्ट्याखाली बारा शिष्यांची नावं इतकी बारीक कोरलीत की आधी नुसत्या रेघा वाटतात, डोळा सरावला की अक्षरं होतात. आणि परत तेच, बुडाखाली स्फटिक आणि त्याभोवती नक्षी, जी फक्त धर्मगुरू प्यायला पेला उचलेल तेव्हाच समोरच्यांना दिसणार. ज्यांना गेलिक फुटबॉल माहितीये त्यांना पेल्याचा आकार ओळखीचा वाटेल, कारण सॅम मॅग्वायर कप याच्यावरूनच केलाय. दरवर्षी क्रोक पार्कला जिंकलेला कॅप्टन हजारो लोकांसमोर जो डोक्यावर उचलतो तो कप म्हणजे ८व्या शतकातल्या पूजेच्या पेल्याचा नातू. माझ्या ऑफिसातला एक केरीचा मुलगा त्या कपाबद्दल बोलताना डोळ्यांत पाणी आणतो, त्याला विचारलं तर त्याने आर्डा चॅलिस शाळेच्या सहलीत बघितलेला आणि तेव्हाच ओरडलेला की हा तर सॅम!

त्याच दालनात आयर्लंडचा सगळ्यात मोठा संत सेंट पॅट्रिक, त्याची घंटा आहे आणि तिचं घर आहे. मी मुद्दाम दोन्ही म्हणतेय. घंटा म्हणजे लोखंडाचा पत्रा दुमडून रिबिटा मारलेली, वर काशाचा लेप, दिसायला अगदी गुरांच्या गळ्यातली. आणि १२व्या शतकाच्या तोंडावर तिच्यासाठी केलेली पेटी सोन्या-चांदीची, रत्नांची. पेटीवर ती करवून घेणाऱ्या राजाचं नाव आहे, घंटेचा राखणदार कोण त्याचं नाव आहे आणि कारागिराचं, त्याच्या मुलांचंसुद्धा नाव आहे. राखणदारी एकाच घराण्यात, पिढ्यान्‌पिढ्या, थेट १९व्या शतकापर्यंत! आपल्याकडे मानकरी म्हणतात तोच शब्द मला सुचला. सातशे वर्षं एका घराने एक गंजकी घंटा सांभाळली, राज्यं गेली, भाषा गेली, जमिनी गेल्या. माझ्यासाठी अख्ख्या म्युझियममधली सगळ्यात मोठी वस्तू हीच, आणि लोक तिच्यावरून सरळ पुढे जातात कारण शेजारी चमकणारं जास्त आहे. कृपा करून थांबा तिथे.

ब्रॉयटरची सोन्याची होडी वीतभर आहे, आत बसायच्या फळ्या, बारीक बारीक वल्ही, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिची कोर्टाची गोष्ट जास्त महत्त्वाची. १८९६ मध्ये लिमावाडीजवळ शेत नांगरताना सोन्याचा साठा सापडला, विकत विकत ब्रिटिश म्युझियमकडे गेला, त्यांनी ६०० पौंड मोजले. मग आयर्लंडमधून ओरड झाली की हे आमचं, लंडनला खटला चालला, १९०३ मध्ये निकाल आयर्लंडच्या बाजूने लागला आणि सोनं डब्लिनला आलं. ते डब्लिनला यावं म्हणून भांडणाऱ्या सरकारी वकिलांत एडवर्ड कार्सन होता, जो पुढे आयर्लंड ब्रिटनपासून तुटू नये म्हणून लढणाऱ्यांचा नेता झाला. आणि लिमावाडी आज सीमेच्या पलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनकडेच राहिलेल्या भागात. होडी एवढीशी, पण हे सगळं तिच्यात बसलंय.

कायद्याची अजून एक गोष्ट आहे, थोडक्यात सांगते. १९८० मध्ये टिपेररीत डेरिनाफ्लानला बापलेकांना मेटल डिटेक्टरने अजून एक चांदीचा पेला, ताट आणि गाळणी सापडली, मालकी कोणाची यावर भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. १९८७ च्या निकालात कोर्ट म्हणालं की देशाच्या प्राचीन वस्तूंवर देशाचा हक्क असणं हा सार्वभौमत्वाचाच भाग आहे. शोधणाऱ्यांना ५०,००० पौंड बक्षीस मिळालं आणि १९९४ मध्ये त्यावर कायदाच झाला, जमिनीत सापडलेली पुराणवस्तू सरकारची. म्हणजे राष्ट्र म्हणजे काय या प्रश्नाचं उत्तर एका गाळणीच्या निमित्ताने लिहिलं गेलं. तो पेला आर्डाच्या पेल्याजवळ बघून दोघांत फरक शोधा, मुलं बरोबर असतील तर त्यांना हा खेळ द्या, मस्त रमतात.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी बाहेर पडल्यावर एका सुव्हेनिअरच्या दुकानात शिरलो (नाव नको). तिथे चार पानांची कीचेन, खाली लिहिलेलं शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेलं रोप. आईने घेतली. मी दुकानदाराला म्हटलं शॅमरॉक तीन पानांचा, चार पानांचा वेगळा, तो नशिबाचा, तर म्हणाला टुरिस्टना हाच लागतो. मला खरंच वाईट वाटलं, कारण तीन पानांवरच सगळी कथा उभी आहे, सेंट पॅट्रिकने तीन पानं दाखवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती कल्पना समजावली ती. ती कथासुद्धा लिखाणात दिसते ती १७२६ पासून, संत होऊन गेल्यावर बाराशे वर्षांनी. आणि झाड तरी कुठलं? १८९३ मध्ये नॅथॅनिएल कोल्गन नावाच्या माणसाने देशभरातून लोकांना विनंती केली की तुमच्याकडचा अस्सल शॅमरॉक मुळासकट पाठवा. आलेली रोपं त्याने लावली, फुलं येऊ दिली, तर निघाल्या क्लोव्हरच्या वेगवेगळ्या जाती, बहुतेक पिवळ्या बारीक फुलाची किंवा पांढऱ्या फुलाची. शंभर वर्षांनी परत तोच प्रयोग झाला आणि उत्तर जवळपास तेच. प्रत्येकाला खात्री की आपल्या बांधावरचाच खरा. मला हे फार गोड वाटतं. आईने कीचेन परत केली हे सांगायचं राहिलं.

कॉलिन्स बॅरॅक्सला जायला लुआसची, म्हणजे इथल्या ट्रामची, रेड लाइन, स्टॉपचं नावच म्युझियम, उतरलं की समोर. ही १८व्या शतकाच्या सुरुवातीची ब्रिटिश लष्कराची छावणी, नाव रॉयल बॅरॅक्स. १७९८ च्या उठावानंतर युनायटेड आयरिशमनचा पुढारी वुल्फ टोन इथेच कैदेत असताना गेला. १९२२ मध्ये छावणी नव्या आयरिश सैन्याकडे आली आणि त्या सैन्याचा सेनापती मायकल कॉलिन्स याचं नाव लागलं, १९९७ पासून म्युझियम. मधलं चौकोनी पटांगण रिकामं आहे, चारी बाजूंनी दगडी कमानी, आणि तिथे उभं राहिलं की पावलांचा आवाज घुमतो. आत फर्निचर, चांदीची भांडी, कपडे वगैरे पण भरपूर आहे, ते मी भरभर केलं, ज्यांना आवड आहे त्यांनी सावकाश करा. मी गेले होते १९१६ साठी, म्हणजे त्या वर्षी ईस्टरला डब्लिनमध्ये ब्रिटिश राज्याविरुद्ध झालेल्या उठावासाठी.

तिथला हिरवा झेंडा. ईस्टर १९१६ ला उठाववाल्यांनी ताब्यात घेतलेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या छतावर तिरंगा पण होता, हिरवा-पांढरा-केशरी, आणि दुसऱ्या कोपऱ्यावर हा, हिरव्या कापडावर आयरिश रिपब्लिक असे दोन शब्द. सांगतात की हा उठावात लढलेल्या कॉन्स्टन्स मार्कीविच यांच्या घरी पलंगपोसाच्या कापडावर रंगवला आणि सोनेरी रंग सुकून गेला होता म्हणून त्यात मोहरीची पूड कालवली. आई म्हणाली, "म्हणजे घरात होतं त्यातूनच केला." हो ना. उठाव मोडल्यावर ब्रिटिश सैनिकांनी तो काढून नेला, पार्नेल या आयरिश नेत्याच्या पुतळ्यापाशी उलटा धरून फोटो काढला, तो फोटो खूप ठिकाणी छापलेला आहे, अक्षरं डोक्यावर उभी. मग पन्नास वर्षं तो झेंडा इंग्लंडमध्ये जिंकलेली वस्तू म्हणून राहिला आणि १९६६ मध्ये उठावाच्या पन्नासाव्या वर्षी परत दिला. आता सुलटा आहे. कापड विरलंय, रंग उडालाय, मी त्याच्यासमोर किती वेळ उभी होते मला आठवत नाही.

१९१६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाही असाच जवळून बघायची वस्तू आहे. लिबर्टी हॉलमध्ये चोरून छापला, साधारण हजार प्रती. छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) कमी पडले म्हणून कागद दोन भागात छापावा लागला, आधी वरचा, मग तेच खिळे सोडवून खालचा. आणि ई अक्षर पुरेना म्हणून दुसऱ्या वळणाचे ई घुसवलेत, वाचताना मधेच एखादं अक्षर वेगळंच दिसतं. ते शोधा. सुरुवात आयरिश पुरुषांना आणि आयरिश स्त्रियांना उद्देशून आहे, १९१६ मध्ये, दोघांना, एकाच ओळीत. खाली सही केलेल्या सातही जणांना काही दिवसांत गोळ्या घातल्या. चुकीचे ई लावणाऱ्या खिळेजुळाऱ्यांना हे माहीत असेल का की हा कागद पुढे काचेत जाणारे.

आणि असगार्ड! अख्खी शिडाची नौका एका हॉलमध्ये उभी केलीये, वर जाऊन पण बघता येते. १९०५ मध्ये नॉर्वेत कॉलिन आर्चरने बांधली, अर्स्किन आणि मॉली चिल्डर्स या जोडप्याला लग्नाची भेट. त्याच भेटीतून २६ जुलै १९१४ ला हॉथ बंदरात आयरिश स्वयंसेवकांसाठी ९०० रायफली उतरवल्या. नौका बघताना मनात सारखं तेच येत होतं की केबिन एवढीशी, रायफलींच्या वर गाद्या टाकून लोक झोपले असतील. चिल्डर्सला १९२२ मध्ये यादवी युद्धात नव्या आयरिश सरकारनेच गोळ्या घातल्या आणि १९७३ मध्ये त्याचा मुलगा देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. आईला हे सांगितलं तर ती नौकेच्या लाकडावरून नजर न काढता म्हणाली, "आणि त्या बाईने दोन्ही कशी सोसली असेल गं, ती भेटपण आणि ते मरणपण."

नाणी शेवटी बघितली, पाय दुखत होते पण ज्या नाण्यामुळे आलो ते बघायलाच हवं होतं. १९२८ मध्ये स्वतंत्र देशाची पहिली नाणी आली, समितीचा अध्यक्ष कवी येट्स, चित्रं पर्सी मेटकाफची. एका बाजूला हार्प आणि दुसऱ्या बाजूला राजा नाही, संत नाही, पुढारी नाही, तर घोडा, सामन मासा, बैल, कुत्रा, ससा, पेनीवर पिल्लांसोबत कोंबडी आणि अर्ध्या पेनीवर पिल्लांसोबत डुकरीण. तेव्हा काहींनी नाकं मुरडली की देवाधर्माचं काहीच नाही. माझ्या मते एवढा सुंदर निर्णय कुठल्या नव्या देशाने क्वचितच घेतला असेल, रोज ज्यांच्यावर घर चालतं त्यांनाच हातात ठेवलं.

किल्डेअर स्ट्रीटची तिसरी फेरी आईच्या आग्रहाने झाली, सोमवारी, १ वाजायच्या आधीपासून दारात. ती सोन्याकडे गेली नाही, सरळ ब्रोचकडे, आणि मागच्या बाजूची ती वळणं पेन्सिलने लुआसच्या माहितीपत्रकावर उतरवून घेतली. वीसेक मिनिटं लागली. रात्री घरी सुई-दोरा काढून रुमालावर पहिलं वळण घातलं, सहा टाके झाले असतील, तेवढ्यात थांबली, रुमाल पालथा केला, मागून बघितलं आणि दोन टाके उसवले.